सतरा नंबर

मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. त्यांनी पहिलंच विचारलं, "तुला रिझर्वेशनमध्ये नोकरी लागली म्हणे?"

मी म्हटलं, "रिझर्वेशनमध्ये नाही आई, रिझर्वेशनवर."

हा फरक त्यांना कळेना आणि मला तो फोनवर समजावता येईना. अमेरिकेतल्या मूळ लोकांच्या सगळ्या जमिनी गेल्यावर जो तुकडा त्यांच्यासाठी राखून ठेवला, त्याला इथे रिझर्वेशन म्हणतात, आणि तिथल्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून लागले होते. "म्हणजे इंडियनच ना ते?" सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, पण आपल्यातले नाहीत." शेवटी नवऱ्याने माझ्या हातून फोन घेतला, "हॉस्पिटलात लागलीय गं" असं सांगितलं आणि विषय मिटवला. मला राग आला तो त्याचा, कारण एका वाक्यात मिटवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हे २००४ सालचं. नवरा बेलव्ह्यूला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. माझी नागपूरची एम.एस.डब्ल्यू. इथे कुणी हिशेबात धरली नाही, म्हणून चाळिशी जवळ आलेली असताना मी पुन्हा कॉलेजात बसून तीच पदवी इंग्रजीतून घेतली. त्यानंतर मिळालेली ही पहिली खरी नोकरी. दर मंगळवारी सकाळी दीड तास उत्तरेकडे ड्राइव्ह करायचं. दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये दहा-बारा म्हातारी माणसं जमत. त्यांच्या मनाला आधार देणं हे माझं काम, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं.

ही सगळी माणसं सत्तरीच्या आसपासची. पाच-सहा वर्षांची असताना त्यांना घरून उचलून बोर्डिंग शाळांत नेलं होतं. काही शाळा सरकारी, काही चर्चच्या. पोचल्या दिवशीच केस कापत, नाव बदलत, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की मारत. सुट्टीत घरी पाठवतीलच असं नाही. मोठेपणी कुणी दारूत बुडालं, कुणी आपल्याच मुलांना जवळ घ्यायला घाबरत राहिलं, आणि बहुतेकांनी या शाळांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. आता कुठूनसा निधी आला होता आणि त्यांनी बोलावं, मन मोकळं करावं, अशी योजना होती.

ती माणसं बोलत नसत. ती जेवत.

स्वयंपाकघर एका बाईच्या ताब्यात होतं. सगळे तिला आंटी म्हणत, मी मनात मावशी म्हणायचे. ती क्लॅमचं, म्हणजे शिंपल्यांचं, सूप करायची, भाजलेला मासा असायचा, आणि तळलेली जाड पुरीसारखी भाकरी. पहिल्या दिवशी मी शिकवल्याप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या आणि विचारलं, "आज कसं वाटतंय?" सगळ्यांनी माझ्याकडे नम्रपणे पाहिलं. मावशी आतून म्हणाली, "भूक लागल्यासारखं वाटतंय." मग सगळे हसले, उठले आणि टेबलांकडे गेले. तिथे मात्र बोलणं सुरू झालं. मासेमारी, गुडघे, कुणाच्या नातीचा नवरा. पुढे मावशीनेच मला सांगितलं की शाळेत जेवताना बोलायची बंदी होती. शंभर मुलं एका खोलीत, आणि आवाज फक्त चमच्यांचा.

म्हणजे औषध काय ते त्यांनी स्वतःच शोधलं होतं. मला कळलंही होतं ते. पण आमच्या फॉर्मवर जेवणाला रकाना नव्हता.

या फॉर्मने माझं डोकं फिरवलं. चार पानांचा होता. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं: कधीच नाही, काही दिवस, बहुतेक दिवस, जवळजवळ रोज." असे एकवीस प्रश्न, दर चार आठवड्यांनी, प्रत्येकाकडून. फॉर्मवर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. गोपनीयता. ज्या हॉलमधले सगळे एकमेकांचे चुलत-मामेभाऊ आणि साडू, तिथे नाव नक्की कुणापासून लपवायचं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. दूर शहरात बसणारा आमचा सुपरव्हायझर भला माणूस होता, पण त्याला विचारलं की तो म्हणायचा, "तुझं म्हणणं मला पटतं. तरी नियम तो नियम."

एक आजोबा होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, आयुष्यभर होडीवर काम केलेले. डोक्यावर कायम निळी टोपी. ते चार मंगळवार आले. कुणाशी फारसं न बोलता जेवले, मग न सांगता बाह्या सारून सगळ्यांची भांडी घासली आणि गेले. मला ते आवडायचे. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे मला वाटायचं की माझं काही तरी बरं चाललंय, कारण ते पुन्हा पुन्हा येत होते.

पाचव्या मंगळवारी फॉर्मचा दिवस होता. त्या महिन्यापासून नवा नियम निघाला होता: फॉर्म बंद पाकिटात द्यायचे आणि पाकिटं नंबर पुकारून वाटायची. यादीत येणं सोडलेल्यांचेही नंबर होते, ते गाळत मी हॉलच्या पुढे उभी राहून वाचायला लागले. चौदा. पंधरा. सोळा. लोक हात वर करत, मी पाकीट नेऊन देत होते.

"सतरा," मी म्हटलं.

आजोबा उभे राहिले. नुसते उठले नाहीत, ताठ उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. मी पाकीट पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. किती वेळ ते तसे उभे होते सांगता येत नाही, पण मला त्यांना "बसा" म्हणायलाही सुचलं नाही. मग त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि बाहेर निघून गेले. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिथे आम्हाला नंबर होते. कपड्यांवर शिवलेले. हजेरी नंबरांचीच व्हायची."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच. ते जास्त लागलं.

घरी येऊन मी प्रशिक्षणाची फाईल काढली. नोकरीच्या सुरुवातीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्याचे कागद. सहाव्या पानावर लिहिलेलं होतं: अनेक शाळांमध्ये मुलांना नावाऐवजी नंबराने हाक मारत. त्या ओळीवर पिवळ्या पेनाने रेघ ओढलेली होती. मीच ओढलेली. परीक्षेत येईल म्हणून रेघा ओढायची शाळेपासूनची माझी सवय. त्या दिवशी मला त्या पेनाचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सुपरव्हायझरला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "तू घटनेचा अहवाल पाठव."

"पाठवते. आणि नंबर बंद करू या."

"ते माझ्या हातात नाही. सॉफ्टवेअर नंबरच घेतं. बदल सुचवता येईल, पण त्याला बरेच महिने लागतील."

"मग नावाची आद्याक्षरं घालते."

"त्यावरून माणूस ओळखू येतो."

"एखादं चिन्ह?"

"तिथे फक्त आकडे टाइप होतात." मग तो म्हणाला, "आणि अहवालात त्यांचं नाव घालू नकोस. नंबर घाल."

मी फोन ठेवला आणि उगाचच ओटा पुसत बसले. संध्याकाळी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं, तीनदा तेच तेच. तो पोहे खात ऐकत होता. म्हणाला, "यार, नंबर सॉफ्टवेअरला लागतो ना? तू मोठ्याने वाचतेस कशाला? पाकिटावर पेन्सिलीने नाव लिही, हातात नेऊन दे, परत आलं की खोडून टाक."

इतकं सोपं होतं ते. मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, "तुला सगळं सोपंच वाटतं." तो बिचारा उरलेले पोहे खाऊ लागला. पण सोपं होतंच, आणि ते सुचण्यासाठी त्या हॉलमध्ये माझ्याजवळ एक अख्खं मिनिट होतं. मला यादी दिली म्हणून मी यादी वाचली.

रविवारी नागपूरला फोन करायचा आमचा शिरस्ता होता. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची सगळी नोकरी गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत झाली, आणि चौथीपर्यंत मीही तिथेच, शाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये वाढले. गोंडांची मुलं तिथे राहून शिकत. मी बाबांना आजोबांची हकिगत सांगितली. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

ते म्हणाले, "अगं, नंबर तर आमच्याकडेही होते. पेट्यांवर, ताटांवर. दोनशे मुलांची ताटं ओळखायची कशी?"

"हाक कशाने मारायचात बाबा?"

"नावानेच. पण त्यांची नावं अशी असायची की जीभ वळायची नाही. मी चांगली नावं लिहायचो हजेरीत. तीच पुढे त्यांना नोकरीला कामी आली."

"त्यांना विचारलं होतं?"

"सहा वर्षांच्या पोराला काय विचारायचं?"

"आणि गोंडी बोललं तर?"

ते म्हणाले, "तिथे राहून तुला इथलं सगळं वाईट दिसायला लागलंय. आम्ही त्यांना खाऊ घातलं, शिकवलं. तुझ्या त्या अमेरिकन लोकांची आणि आमची बरोबरी करू नकोस."

बरोबरी मला करायची नव्हतीच. बाबांनी कुणाचं मूल पळवून आणलं नव्हतं. आईबाप स्वतः आणून सोडायचे, आणि त्या शाळेतून शिकून पुढे गेलेले लोक अजून दिवाळीला बाबांच्या पाया पडायला येतात. पण फोन ठेवल्यावर मला एक मुलगी आठवली. दुसरीत माझ्या शेजारी बसायची. दुपारी आम्ही सागरगोटे खेळायचो, आणि ती पाच गोटे एका हातात झेलायची. मधल्या सुट्टीत मी घरी जाऊन आईच्या हातचं गरम जेवायचे. ती ताट घेऊन रांगेत उभी असायची. मला तिचं हसणं आठवत होतं, तिच्या ताटावर खिळ्याने ठोकलेला नंबर आठवत होता. नाव आठवत नव्हतं. मी दोन दिवस आठवून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नियमाप्रमाणे तीन गैरहजेऱ्या झाल्या की त्या माणसाची फाईल बंद करायची, आणि ती बंद करायलाही त्याची सही लागायची. मी मावशीकडून पत्ता घेतला.

पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडलं नाही. ट्रक अंगणात होता. दुसऱ्यांदा जाळीच्या दाराआडून आवाज आला, "आज नाही." तिसऱ्या वेळी ते घरामागच्या पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी गाडीत पाठ केलेलं माफीचं भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यावर त्यांनी थांबवलं.

"बस. हे टोक धर."

मी बसले आणि टोक धरलं. अर्धा तास तरी ते काही बोलले नाहीत. लाकडी सुईने गाठी मारत होते. माझी बोटं गारठून गेली. मी मनात म्हणत होते, माणसाने किती गप्प राहावं. पगार मला गप्प बसणाऱ्यांना बोलतं करण्याचा मिळत होता, आणि मलाच गप्प बसणं जमत नव्हतं.

मग ते म्हणाले, "सहीसाठी आलीस का?"

खोटं बोलायचा मोह झाला. पिशवीत फॉर्म होता. "हो," मी म्हटलं. "त्यासाठीही आले."

ते किंचित हसले. "मला तुझा राग नाही आला. पायांचा आला. तू आकडा म्हटलास आणि पाय उठले. बायको पुरली, दोन मुलगे पुरले, कुणापुढे असा उभा राहिलो नाही. आणि पाय अजून त्या शाळेचेच आहेत."

मी टोक धरून बसले.

"दे तो कागद," ते म्हणाले.

मी दिला. सहीच्या जागी त्यांनी सही केली नाही. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, पान भरेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, एक नाव लिहायला लागले. त्यांच्या आजीने ठेवलेलं, शाळेत जायच्या आधीचं. ते कधी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे अक्षरं कुठली वापरायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. तोंडाने हळू म्हणत, एकेक आवाज शोधत, मध्येच खोडत त्यांनी ते पुरं केलं. मग मला म्हणून दाखवायला सांगितलं. मी चारदा चुकले. पाचव्यांदा ते म्हणाले, "चालेल."

तो कागद मी सुपरव्हायझरच्या कार्यालयाला फॅक्स केला. परत आला. कारण: ओळख उघड करणारा मजकूर. मी फोनवर इतकी भांडले की शेजारच्या खोलीतली नर्स दार लावून गेली. मी सुपरव्हायझरला म्हटलं, "तू एकदा ये. एक मंगळवार ये आणि बघ, मग मला नियम सांग."

तो आला, हे मान्य केलं पाहिजे. टाय लावून, डब्यात घरचं सँडविच घेऊन आला. मावशीने सँडविच बाजूला ठेवून त्याच्यापुढे सूप ठेवलं. आजोबाही त्या दिवशी आले होते, महिन्याभराने. जेवण झालं तसे ते सिंककडे गेले, आणि त्यांनी मागे न बघता एक फडकं सुपरव्हायझरकडे टाकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सगळी भांडी होईपर्यंत तो पुसत उभा होता. आजोबा त्याच्याशी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. शेवटी त्याने टाय काढून खिशात घातला होता.

त्यानंतर तो बदलला, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. दोन आठवड्यांनी पत्र आलं: जेवणाची चाळीस मिनिटं यापुढे 'मोकळा संवाद' म्हणून नोंदवता येतील. चाळीसच का, मी विचारलं नाही. नंबर पुकारणं बंद झालं, फॉर्म चालूच राहिले. आजोबांच्या नावाचा कागद कार्यालयाला स्वीकारता येत नव्हता आणि मला टाकता येत नव्हता. मी तो त्यांनाच परत नेऊन दिला.

बाबांचा एका रविवारी फोन आला. त्यांच्याकडून सहसा यायचा नाही, मीच करायचे. हवापाण्याचं बोलून झालं. मग म्हणाले, "ती तुझ्या बाकावर बसायची ना, सागरगोटे खेळायची ती. तिचं घरचं नाव मी जुन्या शिपायाला विचारलं. त्याला आठवलं." आणि त्यांनी ते सांगितलं. दोन तुकड्यांत, जपून, जीभ न वळणारं नाव. मी तिच्याबद्दल बाबांना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं होतं. बरोबर कोण होतं आणि कोण चूक, यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही.

२००७ मध्ये रिझर्वेशनवरच्या लोकांनी हा मंगळवारचा कार्यक्रम स्वतःच्या ताब्यात घेतला. मावशीची भाची शिकून आली होती, तिला माझी जागा मिळाली. हेच व्हायला हवं होतं, मी स्वतः शिफारसपत्रात तसं लिहिलं होतं, आणि तरी आठवडाभर मी घरात भांडी आपटत होते. नवऱ्याने या खेपेला काही उपाय सुचवला नाही, तेवढं तो शिकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीने जेवायला बोलावलं. आता ते हॉलमध्ये जमत नसत, नदीकाठी जमत. मी पोचले तेव्हा आजोबा आणि आणखी एक म्हातारे एका माशावरून वाद घालत होते. आधी इंग्रजीत, मग त्यांच्या भाषेत, मोडकी, आठवून आठवून बोललेली. एकाला शब्द सुचेना की दुसरा हसायचा, आणि मग त्यालाही सुचायचा नाही. भाची वही घेऊन शेजारी बसली होती आणि कंटाळली होती. "सकाळपासून हेच चाललंय," ती मला म्हणाली. "या माशाच्या शेपटीला काय म्हणतात यावर दोघांचं एकमत होत नाहीये, आणि मला जेवण वाढायचंय."

मी म्हटलं, "वाढू या. ते येतील."

ते आले नाहीत. आम्ही जेवून उठलो तरी दोघं तिथेच होते.